मावशींचं बदलीपत्र

आमच्या मराठी मंडळीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मला तर मुळीच नाही. मंडळी म्हणजे आमचं चर्च. कुवेतमध्ये दर शुक्रवारी सकाळी आठ ते साडेनऊ, अमेरिकन मिशनऱ्यांच्या काळापासून उभ्या असलेल्या एका जुन्या चर्चच्या आवारात, मागच्या बाजूच्या हॉलमध्ये जमणारी आम्ही साठ-सत्तर माणसं. शुक्रवारी, कारण इथली सुट्टी शुक्रवारची. साडेनऊच्या पुढे एक मिनिटही मिळत नाही, कारण दाराबाहेर तेलुगू मंडळी ढोलक आणि कीबोर्ड घेऊन उभी असते आणि त्यांच्यामागे तमिळ. एकाच हॉलमध्ये दिवसभरात देवाला किती भाषा ऐकाव्या लागतात ते तोच जाणे.

मी या मंडळीची चिटणीस. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते आणि तीच सवय चर्चमध्ये घेऊन येते. कुणाचा बाप्तिस्मा कधी, कुणाचं लग्न कधी, कोण कुठून आलं, सगळं एका जाड, बांधीव वहीत माझ्या अक्षरात आहे. वहीच्या पानांवर आकडे घालायची पद्धतही माझीच. मधे कुणी कागद घुसडू नये म्हणून. हे सांगताना पूर्वी मला अभिमान वाटायचा.

ही आवड मला वडिलांकडून आली. मिरजेकडचं आमचं चर्च दगडी, जुनं. त्याची घंटा अमेरिकेतल्या कुठल्याशा मक्याच्या मुलखातल्या, एका लहान गावच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने वर्गणी काढून पाठवलेली. त्या गावाचं नाव घंटेवर कोरलेलं आहे आणि ते आम्हा कुणाला धड वाचता येत नाही. तिथे माझे वडील तीस वर्षं मंडळीचे वडील होते. हा ‘वडील’ निराळा. आमच्यात मंडळी मत देऊन आपले कारभारी निवडते, त्यांना वडील म्हणतात. पाळकसुद्धा त्यांच्या संमतीशिवाय पान हलवू शकत नाही. लहानपणी मी वडिलांच्या शेजारी बसून त्यांच्या वहीत रेघा मारून द्यायची आणि मोठेपणी आपणही वडील व्हायचं असं मनाशी ठरवायची.

आता बदलीपत्राचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या लोकांत माणूस गाव बदलतो तेव्हा रेशनकार्डासारखं मंडळीतलं नावही हलवावं लागतं. जुन्या मंडळीचा पाळक पत्र देतो की, या भगिनी आमच्या चांगल्या सभासद असून त्यांना आपल्याकडे सामील करून घ्यावे. पत्र दिलं की तिथल्या वहीतून नाव कमी होतं. नव्या मंडळीत ते वडीलमंडळापुढे ठेवायचं, मोठ्याने वाचायचं आणि मग तिथल्या वहीत नाव चढवायचं. मधल्या काळात माणूस कुठल्याच मंडळीचा नसतो. एरवी तो मधला काळ दोन-तीन आठवड्यांचा असतो.

आमची मंडळी सुरू कशी झाली, हे मला पक्कं ठाऊक होतं. सबाह अल-सालेममधल्या एका कुवेती घरात कोल्हापूरकडच्या एक मावशी कामाला होत्या. घरातल्या म्हाताऱ्या आजीचं सगळं करायचं, शिवाय स्वयंपाकघर. त्या घराचा ड्रायव्हर मल्याळी ख्रिस्ती. तो शुक्रवारी सकाळी आपल्या उपासनेला जायचा. त्याने एकदा मालकिणीला विचारलं, हिलाही नेऊ का? मालकीण म्हणाली, देवालाच जाते आहे तर जाऊ दे, पण तुझ्याबरोबर जायचं आणि तुझ्याबरोबर यायचं. मावशींना मल्याळम कुठलं कळायला? त्या आवारात पाण्याच्या कूलरशेजारच्या बाकावर बसायच्या आणि गीतांचं आपलं पुस्तक उघडून हळू आवाजात गात राहायच्या. नगरकडची एक नर्स तिथून जात होती. मराठी ऐकून ती थांबली आणि शेजारी बसली. पुढच्या शुक्रवारी तिने आणखी दोघींना आणलं. उन्हाळा लागला, बाकावर बसवेना, तेव्हा चर्चच्या ऑफिसातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मागचा रिकामा हॉल उघडून दिला. आमची उपासना आठ ते साडेनऊ असते ती अजूनही त्या ड्रायव्हरच्या वेळेवर बेतलेली आहे, हे आमच्यातल्या बहुतेकांना माहीत नाही.

मग आम्ही आलो. बँकवाले, आयटीवाले, अकाउंट्सवाले. माझा नवरा शर्कमधल्या एका बँकेत लागला, मला हॉस्पिटल मिळालं. आम्ही येताना घटना, कमिटी, लेटरहेड, सगळं घेऊन आलो. मावशींनी आम्हाला बसायला सतरंज्या दिल्या, आणि वर्षभरात आम्ही त्यांना मागच्या रांगेत बसवलं. कुणी ढकललं नाही हं. त्या खुर्च्या लावून सगळ्यांत शेवटी बसणार, साडेनऊला ड्रायव्हरचा हॉर्न वाजला की उठणार. मागे बसणंच त्यांना सोयीचं, असं आम्ही म्हणायचो.

वही मी सुरू केली. सगळ्यांनी आपापल्या मंडळीचं पत्र आणावं, असा नियम झाला. आम्ही दर वर्षी सुट्टीवर जाणारे. सहा महिन्यांत आमची पत्रं आली. मावशींना सुट्टी दोन वर्षांतून एकदा, तीही मालकीण देईल तेव्हा. त्यांचं पत्र सगळ्यात शेवटी आलं. मला तो शुक्रवार चांगला आठवतो. गावाहून आल्या आल्या त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडता जपलेला तो कागद माझ्या हातात दिला.

“बाई, ह्ये बघा. पाळकसायबांनी दिलंय. आता मी हितलीच झालो की वो!”

बायकांनीही ‘झालो’, ‘आलो’ म्हणायची आमच्या मिरज-कोल्हापूरकडची रीत. ती ऐकून मला एरवी बरं वाटायचं. त्या दिवशी बरं वाटलं नाही. कारण तीन आठवड्यांनी आमच्या मंडळीची पहिली निवडणूक होती. पाच वडील निवडायचे होते, त्यांतली एक बाई असावी असं ठरलं होतं, आणि ती बाई मीच, असं मी धरून चालले होते. फोनवर वडिलांना सांगूनही टाकलं होतं. ते म्हणाले होते, “घरातलं वडीलपण कुवेतला गेलं म्हणायचं.” आणि इकडे नर्स मंडळींत कुजबुज सुरू झाली होती की, मावशींनाच उभं करू या. नियम असा की, वहीत नाव असेल त्यालाच उभं राहता येतं.

मी ते पत्र निळ्या फायलीत ठेवलं. पुढच्या सभेत वाचू म्हटलं. पुढची सभा निवडणुकीनंतर होती.

निवडणुकीच्या दिवशी नगरकडच्या त्या नर्सने उभं राहून मावशींचं नाव सुचवलंच. मी हातात पेन घेऊन बसले होते. वहीचं पान उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, “त्यांचं पत्र अजून दाखल झालेलं नाही. नियम आहे, काय करणार?” यातला एक शब्द खोटा नव्हता. असं खरं बोलायला मला लाज कशी वाटली नाही, हेच मला अजून समजत नाही. नर्स खाली बसली. मी निवडून आले. नव्या वडिलांसाठी प्रार्थना कोण करणार म्हणून पाळकांनी विचारलं, तर मागच्या रांगेतून मावशी उठल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. त्यांच्या हाताला वेलदोड्याचा वास होता. त्या घरात सकाळी कॉफीत वेलदोडे कुटून घालतात.

नंतरच्या सभेत पत्र वाचायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. पण पत्रावर तारीख होती, आणि मावशी कधी परत आल्या हेही सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीतरी विचारलंच असतं की, मग निवडणुकीच्या आधी का नाही वाचलं? म्हणून तो महिना गेला. मग ईस्टर आला, मग सगळे सुट्टीवर गेले. वर्ष उलटल्यावर तर ते बाहेर काढणं अशक्यच झालं. मावशींना काही कळायचं कारण नव्हतं; पत्र नंतरच्या सभेत दाखल झालं असणार, असंच त्या धरून चालल्या. प्रभुभोजनाला त्या सगळ्यांबरोबर पुढे यायच्या, भाकर घ्यायच्या, जायच्या. वही कुणी उघडून बघत नाही. अशी अकरा वर्षं गेली.

मग इतिहास आला. मंडळीच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची ठरली आणि सगळ्यांनी एकमुखाने माझं नाव घेतलं. मी चार दिवस हॉस्पिटलातून आल्यावर जेवणाच्या टेबलाशी लिहायला बसले. पहिला परिच्छेद मी खरा लिहिला होता. बाक, कूलर, गीतांचं पुस्तक, ड्रायव्हर, सगळं होतं. वाचून मलाच भरून आलं. मग ध्यानात आलं की, पुढच्याच पानावर पहिल्या सभासदांची यादी येणार, ती वहीतून उतरवलेली असणार आणि तीत मावशी नसणार. जिने मंडळी सुरू केली तिचं नाव यादीत का नाही, हे शाळकरी पोरही विचारील. एक चोरी लपवायला दुसरी करावी लागते, तसं झालं. मी परिच्छेद खोडला आणि लिहिलं: ‘आरंभीच्या काळात काही भगिनी एकत्र येऊन प्रार्थना करीत असत.’ माझ्या मुलीने मागून वाचून विचारलं, “हू वेअर दे, आई?” मी म्हटलं, “होत्या कुणीतरी. तू अभ्यास कर.”

स्मरणिका छापायला गेली त्याच आठवड्यात मावशी मला पार्किंगपाशी भेटल्या. ज्या आजीचं त्या करायच्या ती गेली होती. मालकिणीने चांगुलपणाने सगळं करून दिलं होतं, अकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रद्द करायचे कागदही झाले होते.

“पुढच्या म्हयन्यात जातोय मी, बाई. आता कायमची. आमचं पत्र तेवढं करून ठेवा. गावात नवीन पाळकसायब आल्यात, त्येंनी फोनवर सांगितलंय, मावशी, हितं तुमचं नाव कमी झालंय, येताना पत्र घेऊन या.”

मी “हो, हो” म्हणाले. घरी येऊन निळी फाईल काढली. पत्र तसंच होतं, घडीवर जरा पिवळं पडलेलं. तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की, मी मावशींचं नाव नुसतं उशिरा लावलेलं नाही. गावच्या वहीतून ते गेलं होतं आणि आमच्या वहीत आलंच नव्हतं. अकरा वर्षं ही बाई, दर शुक्रवारी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावणारी ही बाई, जगातल्या कुठल्याच मंडळीची नव्हती. आणि हे एकट्या माझ्यामुळे.

वहीत नाव घालायचं म्हटलं तर दोन नोंदींमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती. मीच तशी रीत पाडलेली. वडीलमंडळाच्या सभेत मी विषय काढला, तो असा: “मावशींना पत्र हवंय, पण वहीत त्यांची नोंद सापडत नाही.” सापडत नाही! जणू ती कुठे पळून गेली होती. ज्येष्ठ वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “नोंद नाही तर पत्र कसं देणार? त्यांनी बहुतेक आणलंच नसेल बिचाऱ्यांनी. या लोकांना कुठे कागदपत्रांचं कळतं.” मी तिथेच बसले होते. पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी इतिवृत्तात लिहून घेतलं, ‘पत्र देता येत नाही.’

मावशींना सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. त्यांच्या शेवटच्या शुक्रवारी उपासना संपल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. आत तेलुगू मंडळींचं गाणं सुरू झालं होतं.

“मावशी, तुमची नोंद राहून गेली आहे.”

“ऱ्हाऊन गेली म्हंजी?”

“वहीत नाव चढलं नाही. म्हणून पत्र देता येत नाहीये.”

“पर मी पत्र तुमच्या हातात दिलं हुतं की वो, बाई.”

“दिलं होतं, मावशी. ते माझ्या फायलीतच राहिलं.”

त्या वेळी पुढचं सांगायला हवं होतं. निवडणूक, वडिलांना केलेला फोन, सगळं. तोंडाशी आलंही होतं. पण त्यांनीच मला वाट करून दिली. म्हणाल्या, “हॉस्पिटल, घर, लेक, वर मंडळीचं लिवणं. एवढ्यात ऱ्हातंय एकांदं.” आणि मी मान हलवली. त्यांनी दिलेली सबब मी दोन्ही हातांनी घेतली.

“मग त्येच पत्र द्या परत,” त्या म्हणाल्या. “त्येच दावतो पाळकसायबास्नी. चढलं न्हाई म्हनून सांगतो. त्ये पुन्ना लावून घेतील नाव.”

किती साधं होतं. मी पर्स उघडून पत्र दिलं. आणि मग, माझ्या तोंडाला आग लागो, मी म्हणाले, “मावशी, पण ते पाळकसाहेब मग इकडे पत्र घालून विचारतील, अकरा वर्षं का नाही चढवलं म्हणून. वडीलमंडळापुढे येईल सगळं.”

मावशींनी पत्राची घडी केली. पुन्हा एकदा केली. मग पिशवीत घातली आणि म्हणाल्या, “कळलं.” बाहेर हॉर्न वाजला. आता तो मल्याळी ड्रायव्हर नव्हता, नवा कुणी होता, पण त्यालाही साडेनऊचीच घाई होती. मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि गेल्या.

दोन महिने मी त्यांना फोन केला नाही. मग एका दुपारी लॅबमध्ये जेवायच्या सुट्टीत व्हॉट्सॲपवर त्यांच्या लेकीने व्हिडिओ पाठवला.

गावचं चर्च लहानसं, पताका लावलेलं. आमच्यात पोरं चौदा-पंधरा वर्षांची झाली की, त्यांना पुढे उभं करून विश्वासाचे प्रश्न विचारतात आणि मग मंडळीत घेतात. त्यानंतरच प्रभुभोजन. तशी चार पोरं नव्या कपड्यांत उभी होती, दोन मुलगे, दोन मुली. आणि रांगेच्या शेवटी पांढऱ्या साडीत, डोक्यावर पदर घेऊन मावशी. पासष्टीच्या. पोरांच्या खांद्याला खांदा लावून. पोरं उत्तरं देताना अडखळत होती, तेव्हा मावशी हळूच त्यांना शब्द पुरवत होत्या.

पोरांचं झालं. तरुण पाळकसाहेब वही घेऊन मावशींसमोर आले. मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “आपल्या वहीत तुमची बदली कुवेतला दाखवली आहे. तिथे कुठल्या मंडळीत होता?”

मावशी म्हणाल्या, “कुठल्याच न्हाई, सायेब.”

“इतकी वर्षं?”

“कामात गावलंच न्हाई मला. चुकलं माझं.”

मागे बायकांत खसखस पिकली. कुणीतरी च् च् केलं. पाळकसाहेब मंडळीकडे वळून म्हणाले की, परदेशी गेलं, चार सुखाचे दिवस आले, की माणसाला देवाचा विसर पडतो. पण ही भगिनी परत आली, यासाठी आपण आभार मानू या. सगळी मंडळी उभी राहिली. मावशी मान खाली घालून उभ्या होत्या, हात जोडलेले. पत्राची ती पिशवी कुठे दिसत नव्हती.

मी डबा झाकला. शेजारची फिलिपिनो पोरगी विचारत होती, काय झालं, कुणी गेलं का तुझं? मी नाही म्हटलं. व्हिडिओखाली त्यांच्या लेकीने लिहिलं होतं: ‘आईनं सांगितलंय, पहिल्यांदा बाईंना दाखव. म्हणावं, झालं सगळं नीट. आता काळजी करू नका.’